गोव्यातल्या दमट हवेत धावणे आणि सायकल : हौशींच्या अनुभवांचा धागा

फोंडेकर

पावसाळा सरत आला की सगळीकडून तेच प्रश्न येऊ लागतात. चिखलीची हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) दोन तासांच्या आत होईल का? मिरामारच्या हाफ आयर्नमॅनला नाव घालू का? दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, झेपेल का? मी नोकरी सांभाळून धावणारा आणि सायकल चालवणारा हौशी माणूस. हे तिन्ही प्रकार इथे केलेत, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलोय. ती एकदा नीट मांडावी म्हणून हा धागा काढतोय. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तो आधी लिहा.

माझे म्हणणे असे की गोव्यातल्या स्पर्धेची वेळ पुण्या-साताऱ्याच्या आकड्यावरून ठरवू नये. ती इथल्या हवेवरून ठरवावी. आणि हवा बघायची तर तापमानाबरोबर दवबिंदू बघावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा.

आपण सहसा आर्द्रतेची टक्केवारी बघतो आणि तिथेच फसतो. पहाटे पाचला ती नव्वदच्या वर असते, दुपारी साठाच्या आसपास येते, मग वाटते की हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात हवेतले बाष्प जवळपास तेवढेच असते. तापमान वाढल्यामुळे टक्का खाली उतरतो, इतकेच. दवबिंदू मात्र हवेत खरोखर बाष्प किती आहे ते सांगतो. घाम वाळला तर अंग निवते. निथळून रस्त्यावर पडलेल्या घामाबरोबर पाणी जाते, मीठ जाते, गारवा काही मिळत नाही. ऑक्टोबरात आपल्याकडे दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारे सुटतात, घाटाकडची कोरडी हवा खाली येते आणि तोच आकडा कित्येक दिवशी विशीच्या खाली जातो. माझ्यापुरता या चार-पाच अंशांचा अर्थ किलोमीटरमागे पाऊण मिनिट असा होतो. तेवढीच तयारी, तेच बूट, तोच मी.

त्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. अंग तापले की शरीर रक्त कातडीकडे वळवते. घामामुळे रक्तातले पाणीही कमी झालेले असते. पायांना पूर्वीइतकेच रक्त पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते. म्हणून पहिल्या पाच किलोमीटरला जो वेग १४५ ठोक्यांत जमतो, त्याच वेगाला पंधराव्या किलोमीटरला १६५ लागतात. घड्याळातला वेग धरून ठेवणारा तिथे मोडतो. ठोके किंवा श्वास धरून धावणारा हळू होतो, पण धावत राहतो. मी पहिला एक तृतीयांश भाग शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा दमाने काढतो. त्या वेळी दोनशे माणसे पुढे जातात. जाऊ द्यावीत.

आता स्पर्धांविषयी. वास्कोजवळ चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन डिसेंबरात असते. झुआरीच्या काठाने धावायचे, हवा वर्षातली बऱ्यापैकी चांगली. ज्याला आयुष्यातली पहिली हाफ इथे करायची आहे त्याने हीच करावी, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात अंधारात होते, त्यामुळे वेगाचा अंदाज येत नाही आणि उत्साहात पाय सुटतात. तेवढे सांभाळायचे.

मिरामारचे प्रकरण वेगळे आहे. ही हाफ आयर्नमॅन, म्हणजेच आयर्नमॅन ७०.३, गोव्यात पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. लोक पोहण्याला घाबरतात, पण पोहणे सकाळच्या गारव्यात होऊन जाते. सायकलवर अंगाला वारा लागतो, म्हणून किती तापलोय ते कळत नाही. खरी परीक्षा नंतर येते. आपल्यासारखा मधल्या फळीतला माणूस धावायला लागतो तेव्हा अकरा वाजलेले असतात, समुद्राकडचे ऊन डोळ्यांत येत असते आणि ऑक्टोबर अंगावर बसलेला असतो. त्या धावण्यात शर्यतीच्या उर्वरित भागापेक्षा जास्त माणसे थांबताना मी पाहिली आहेत.

याला तयारी एकच, त्या हवेची सवय. दहा-चौदा दिवस रोज तासभर उकाड्यात व्यायाम केला की शरीरात स्पष्ट बदल होतात. रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. बाहेरून येणाऱ्याला हे जमत नाही, आपल्याला घरबसल्या जमते. पण आपण दिवसभर एसीत बसतो, धावतो फक्त पहाटे पाचला, आणि गोव्यात राहण्याचा हा फायदा हातचा घालवतो. मी स्पर्धेआधीच्या महिन्यात रविवारी सकाळी लांब सायकल मारून, साडेनऊ-दहाला बूट बदलून पाऊण तास धावतो. सावलीचा रस्ता निवडतो, घरच्यांना सांगून जातो, पाणी बरोबर ठेवतो.

खाण्याचे म्हणाल तर आदल्या रात्री आणि निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, लोणच्याबरोबर. आपल्या वाडवडिलांनी शेतात दिवस काढले ते याच्यावर. वाटेत तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. पाकिटातले एनर्जी जेल परवडत नसतील तर केळी, चिक्की, खजूर चालतात. आमसुलाचे पाणी मीठ-साखर घालून बाटलीत भरतो, ते गरम झाले तरी घशाखाली उतरते.

ब्रेव्हेवर स्वतंत्र लिहायला हवे इतके ते मला आवडते, पण एवढ्यात पुरे करतो. ती शर्यत नव्हे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. या वेळेत पोचलात तर पहिला आणि शेवटचा सारखाच. वाटेतल्या कंट्रोलवर (तपासणीच्या थांब्यावर) कार्डावर नोंद करायची, मदत घ्यायची ती कंट्रोलवरच, पंक्चर आपले आपण काढायचे. पणजीहून कारवार गाठून परत आलात की दोनशेच्या आसपास होतात, म्हणून सरावाला तो रस्ता उत्तम. मडगाव, कुंकळ्ळी, करमल घाटातली झाडी, काणकोण, पोळे, मग काळी नदी. जाताना सगळे छान वाटते. दुपारी समुद्राकडून वायव्येचा खारा वारा सुरू होतो आणि उत्तरेकडे तोंड करून परत येताना तो छातीवर बसतो. त्यात करमल पुन्हा चढायचा. ज्याने परतीसाठी पाय राखले त्याचीच ब्रेव्हे होते.

पेडण्याचा धावक

उत्तम धागा, पण एका मुद्द्याला विरोध नोंदवतो. वेळेचे ध्येय सोडा असे नवीन मुलांना सांगितले की ती सराव सोडतात. मी साताऱ्याची हिल हाफ केली आहे. यवतेश्वरचा चढ असूनही तिथे सप्टेंबरच्या गारव्यात मला इथल्या सपाट रस्त्यापेक्षा बरी वेळ मिळाली, म्हणजे हवेचे तुमचे म्हणणे मान्यच आहे. पण आकडा समोर नसेल तर माणूस सकाळी उठणार कशासाठी?

फोंडेकर

दादा, ध्येय सोडा असे मी म्हणत नाही. ध्येयाचा आकडा स्पर्धेच्या आदल्या रात्री हवा बघून पक्का करावा, एवढेच. दवबिंदू १८ असेल तर जोर लावा, माझी हरकत नाही. २४ असेल तर त्याच तयारीला दहा मिनिटे जास्त द्या आणि तीही चांगली वेळ माना. आणि तुलना करायचीच तर चिखलीची चिखलीशी करावी, साताऱ्याशी नको. त्यात नवीन मुलाचा हुरूप टिकतो, कारण त्याची प्रगती त्याला खरी दिसते.

पेडण्याचा धावक

हे पटले. दोन आकडे ठेवायचे, एक थंडीचा, एक उकाड्याचा. मुलांना तसेच सांगेन.

डिचोलीची सायकलवाली

धागा वाचून आनंद झाला, दवबिंदूचे कळल्यावर तर मागच्या ऑक्टोबरचे सगळे कोडे सुटले. पण दादा, साडेनऊ-दहाला बूट बदलून धावा हे तुमच्यासाठी सोपे आहे. माझ्यासारखीला रविवारी दहा वाजता घरी असावे लागते. आणि एकटीने पहाटे निघायचे म्हटले तर हवेच्या आधी रस्त्याचा विचार येतो.

म्हणून आमच्या भागातल्या बायका-मुलींसाठी लिहिते. डिचोली-साखळीच्या मुख्य रस्त्यावर खनिजाचे ट्रक असतात तेव्हा कडेला बारीक माती साचते. त्यात पातळ टायर घसरते आणि ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते. त्या रस्त्याला सरावाला जाऊच नये. त्याऐवजी फेरीबोटीतून सायकल घेऊन दिवाडी किंवा चोडण बेटावर जावे. वाहने कमी, रस्ते सपाट, खाजनांच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतांच्या) बाजूने वळणे, सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवर पोंपों करत फिरत असतो तो तेवढा भेटतो. बेट लहान आहे, पण फेऱ्या मारत राहिले की पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात, आणि काही बिघडले तर चालत धक्क्यावर पोचता येते. मी घाबरत घाबरत सुरुवात केली ती तिथेच. आता आम्ही चौघीजणी मिळून जातो.

कुत्र्यांचा प्रश्न सगळ्यांना आहे. वेगाने पळून जाण्यापेक्षा मोठ्याने दरडावून, वेग कमी करून, गरज पडली तर उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये घेऊन चालावे. नव्वद टक्के वेळा ती तिथेच थांबतात.

चढाचा सराव हवा तर केरीहून चोर्ला घाट. अंजुणे धरणाचे पाणी खाली दिसायला लागले की समजायचे बरीच उंची मिळवली. वरची उंची आठशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हवाही जरा निवते. उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, वळणाआधी दाबावे आणि सोडावे. पावसाळ्यात धुके आणि शेवाळ असते, तेव्हा मी जात नाही.

मडगावचा डॉक्टर

फोंडेकरांनी हवेचे शरीरशास्त्र बरोबर मांडले आहे. मीठ-पाण्याबद्दल मी भर घालतो, कारण मदत तंबूत बसल्यावर जे दिसते ते काळजी वाटण्यासारखे असते.

उकाडा म्हटला की लोक नुसते पाणी पितात, आणि हळू धावणारे तर प्रत्येक थांब्यावर पितात. चार-पाच तास असे चालले की रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळ, हाताची बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, पुढे गोंधळल्यासारखे बोलणे. लोकांना वाटते पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी पाणी पाजतात आणि माणूस बिघडतो. साधी परीक्षा सांगतो. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. जेवढे किलो कमी तेवढे लिटर घाम गेला, वाटेत प्यायलात ते त्यात मिळवा. स्पर्धेनंतर वजन वाढलेले असेल तर तुम्ही जास्त प्यायलात, हे नक्की.

ओआरएस प्यायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे घ्या. एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पाकीट लिटरचे असेल तर पूर्ण लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत घालून दाट केले तर उलटी होते. खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे, मागचा तपशील वाचून घ्या. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचे हे सगळे आपल्या डॉक्टरला विचारूनच करावे.

दुसरे, गुडघा दुखतो म्हणून स्पर्धेआधी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घेऊ नका. अंगातले पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. धावणारा झोकांड्या द्यायला लागला, भलतेसलते बोलू लागला, अंग तापलेले असले तर तो उष्माघात समजा, मग घाम येत असला तरी. तिथल्या तिथे सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, मिळेल तितके बर्फाचे पाणी अंगावर ओता, टब असेल तर त्यात बसवा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. आधी गार करायचे, मग हलवायचे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

कांपालचा जलतरणपटू

पोहण्यावर कोणी लिहिले नाही म्हणून दोन ओळी. तलावात दोन किलोमीटर पोहणारा समुद्रात गांगरतो, कारण तळ दिसत नाही आणि रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी डोके वर काढून पुढची खूण बघायची सवय तलावातच लावा. पावसाळ्यात समुद्रात उतरायचेच नाही. नंतरही एकट्याने नाही, आणि जीवरक्षकाला सांगितल्याशिवाय नाही.

पाण्याच्या टेबलावरची

मी धावत नाही. माझा मुलगा धावतो, म्हणून मी आणि आमच्या वाड्यावरच्या काही बायका स्पर्धांना पाणी द्यायला उभ्या राहतो. इथे लिहायला संकोच वाटत होता, पण डॉक्टरांचे वाचून लिहावेसे वाटले.

पहिले धावणारे येतात तेव्हा आमच्याकडे सगळे असते. बर्फ, संत्र्याच्या फोडी, मीठ, स्पंज. ते पेलाही घेत नाहीत, वाऱ्यासारखे निघून जातात. शेवटचे येतात तेव्हा ऊन तापलेले असते आणि टेबलावर कोमट पाणी. एका स्पर्धेत तर आमच्याकडचे पाणीच संपले. शेवटच्या तासातल्या लोकांना समोरच्या घरातून कळशीने आणून दिले. त्या घरच्या आजींनी विहिरीवर मोटर लावून पाइपच रस्त्यावर आणला आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पाणी धरले. त्या लोकांचे चेहरे मी विसरणार नाही.

जो सगळ्यात हळू, त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त ऊन येते. तोच सगळ्यात जास्त वेळ बाहेर असतो. बर्फ त्याच्यासाठी राखायला हवा. आयोजकांपैकी कोणी हे वाचत असतील तर माझी कळकळीची विनंती आहे: अर्धा बर्फ आणि अर्धे मीठ शेवटच्या तासासाठी वेगळ्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी कधी उघडायची ते आम्हाला लिहून द्या.

फोंडेकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी धाग्याच्या वर लावायला सांगतो आहे. मी हवेचा हिशेब धावणाऱ्याच्या बाजूने मांडला, तुम्ही तो आयोजनाच्या बाजूने मांडलात, आणि तो जास्त गरजेचा आहे. याला आणखी एक जोडतो. हळू धावणाऱ्यांना आधी सोडावे. हाफला ज्यांना अडीच तासांपेक्षा जास्त लागतात ते चार-साडेचारला, आणि वेगवान मंडळी तासाभराने. इथे सूर्य साडेसहा-सातला उगवतो, म्हणजे त्यांचा बराचसा रस्ता सावलीतच संपेल. अंधारात रस्त्यावर दिवे आणि माणसे जास्त लागतील हे खरे. तेवढे करावे.

पेडण्याचा धावक

+१. आमच्या गटातून पाण्याच्या टेबलाला माणसे द्यायला मी तयार आहे. धावायची नसेल त्या स्पर्धेला स्वतः उभा राहीन.

कुडाळकर

तुम्हा सगळ्यांचे आभार. मी कुडाळहून लिहितोय. साधी हायब्रिड सायकल आहे, शंभरच्या पुढे कधी गेलेलो नाही. यंदा दोनशेची ब्रेव्हे करायची आहे. रोड बाइक घ्यावीच लागेल का? आणि शंभर जमतात तर दोनशे जमतील हे कशावरून ओळखायचे? शंभरनंतर तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर होते, त्याचेही सांगा.

फोंडेकर

रोड बाइक नको. हायब्रिडवर दोनशे करणारे भरपूर आहेत. हिशेब असा करा: रस्त्यावर तुमचा वेग २० पडला तर दहा तास पेडल मारण्यात जातील आणि साडेतीन तास खाणे, कंट्रोल, पंक्चर यांना उरतील. वेग १८ असेल तरी अकरा तास सात मिनिटे, तरीही दोन तासांच्या वर शिल्लक. निम्म्या रस्त्याची वेळ मात्र सांभाळा. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल निघाल्यापासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. सहाला निघालात तर बारा चाळीसच्या आत तिथे हवे.

ओळखायचे कसे ते सांगतो. कुडाळहून महामार्गाने बांदा, पत्रादेवी, म्हापसा गाठा आणि परत जा. साधारण एकशेतीस होतील. सकाळी सहाला निघा, म्हणजे परतीचा रस्ता उन्हात आणि उत्तरेच्या तोंडाने होईल. घरी पोचल्यावर जेवण जात असेल आणि अर्ध्या तासाने आणखी थोडे चालवता येईल असे वाटत असेल, तर दोनशेला नाव घाला. जेवण नकोसे झाले असेल तर पाय तयार आहेत, पण वाटेतले खाणे-पिणे अजून जमलेले नाही. तेच पुन्हा दोन आठवड्यांनी करून बघा.

बधिरपणा येतो कारण तळहाताच्या त्या कडेतून जाणारी नस दांड्यावर दाबली जाते. सीटचे टोक खाली झुकलेले आहे का बघा, झुकले असेल तर सगळा भार हातांवर येतो. जेलचे हातमोजे घ्या, दर काही मिनिटांनी पकड बदला. सीटची उंची अशी हवी की पेडल तळाशी असताना गुडघा थोडासा वाकलेला राहील. दोनदा तपासा, कारण चढावर गुडघे यामुळेच दुखतात.

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जॅकेट लागेल. दिव्याचे जास्तीचे सेल किंवा पॉवर बँक, दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या. पंक्चर काढायचा सराव घरी एकदा, आणि एकदा अंधारात.

डिचोलीची सायकलवाली

कुडाळकर दादा, म्हापशाला येणार त्या रविवारी इथे कळवा. आम्ही चौघी पत्रादेवीपर्यंत येऊ आणि तिथून म्हापशापर्यंत बरोबर चालवू. म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव मिळतो, सकाळी साडेनऊपर्यंत पोचलात तर गरम.

कुडाळकर

ताई, नक्की. या महिन्याचा शेवटचा रविवार धरतो. सहाला कुडाळ सोडतो, आठच्या सुमाराला पत्रादेवीच्या नाक्यावर असेन. पाऊस असला तर आदल्या रात्री इथेच लिहितो.